पॉल मॉर्फी

पॉल चार्ल्स मॉर्फी (जन्म : २२ जून १८३७, न्यू ऑर्लिन्स, अमेरिका, मृत्यू : १० जुलै १८८४, न्यू ऑर्लिन्स) हे एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ बुद्धिबळपटू होते. बुद्धिबळाच्या अधिकृत विश्वविजेतेपदाचा सामना सुरू होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. तथापि १८५८ व १८५९ या वर्षांत जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू तेच होते, याविषयी त्यांच्या समकालीनांत फारसे दुमत नव्हते. त्यांची खरी स्पर्धात्मक कारकीर्द १८५७ च्या शरद ऋतूपासून १८५९ च्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे दोन वर्षांहूनही कमी काळ चालली. डावाच्या आरंभी मोहऱ्यांचा विकास त्वरेने कसा साधावा आणि त्या आघाडीचे विजयात रूपांतर कसे करावे, याचे वस्तुपाठ म्हणून त्यांचे डाव आजही नवशिक्यांना शिकवले जातात.

== जन्म व बालपण ==

मॉर्फी यांचा जन्म न्यू ऑर्लिन्समधील एका सधन व सुसंस्कृत कुटुंबात झाला. वडील अलोन्झो मॉर्फी हे वकील असून पुढे लुइझियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आई फ्रेंच वंशाच्या ल कार्पांतिए घराण्यातील होती. घरात फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषा नांदत होत्या, आणि रविवारचा दिवस संगीत व बुद्धिबळ यांत जात असे. वडील आणि काका अर्नेस्ट मॉर्फी हे दोघेही चांगले खेळाडू होते. पॉलला हा खेळ कोणी मुद्दाम शिकवला नाही. मोठ्यांचे डाव पाहूनच तो शिकला, अशी कुटुंबातील आठवण आहे.

१८४६ मध्ये सेनापती विन्फील्ड स्कॉट न्यू ऑर्लिन्समध्ये आले असता नऊ वर्षांच्या पॉलने त्यांना हरवले, असे सांगितले जाते. बाराव्या वाढदिवशी त्याने पटाकडे न पाहता काकांवर विजय मिळवला. परंतु त्याच्या गुणवत्तेची खरी कसोटी लागली ती मे १८५० मध्ये. हंगेरीतील क्रांती फसल्यानंतर देश सोडून आलेले नामांकित खेळाडू योहान लोवेंथाल त्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये होते. त्यांचे वय चाळीसच्या आसपास, तर पॉल अजून तेराही पूर्ण नव्हता. या मुलाविरुद्ध लोवेंथाल यांना एकही डाव जिंकता आला नाही.

== शिक्षण ==

अलाबामा राज्यातील मोबील शहराजवळच्या स्प्रिंग हिल कॉलेजातून मॉर्फी १८५४ मध्ये पदवीधर झाले. आणखी एक वर्ष तेथेच राहून त्यांनी गणित व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. त्यानंतर लुइझियाना विद्यापीठातून एप्रिल १८५७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. त्यांची स्मरणशक्ती असामान्य होती. लुइझियानाची दिवाणी संहिता त्यांना जवळजवळ मुखोद्गत होती, अशी त्यांची ख्याती होती. मात्र वकिली करण्यास एकविसाव्या वर्षाची अट होती आणि मॉर्फी त्या वेळी वीस वर्षांचेही नव्हते. वडिलांचे १८५६ मध्ये निधन झाले होते. सनद मिळण्याची वाट पाहण्याचा हा रिकामा काळ नसता, तर त्यांनी बुद्धिबळासाठी घर सोडले असते की नाही, याची शंकाच आहे.

== पहिली अमेरिकन बुद्धिबळ परिषद ==

ऑक्टोबर १८५७ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिली अमेरिकन बुद्धिबळ परिषद भरली. सोळा खेळाडूंची ही बाद पद्धतीची स्पर्धा होती. मॉर्फी यांनी थॉम्पसन, मीक आणि लिख्टेनहाइन यांना हरवून अंतिम फेरी गाठली व तेथे जर्मनीहून आलेल्या लुई पॉलसन यांचा पाच विजय, एक पराभव व दोन बरोबरी असा पराभव केला. त्या काळी स्पर्धेत घड्याळ नसे आणि पॉलसन एकेका खेळीला अतिशय वेळ घेत. मॉर्फी झटपट खेळत. प्रतिस्पर्ध्याच्या या संथपणाने ते थकून जात, परंतु तक्रार करीत नसत. बक्षिसाची रोख रक्कम त्यांनी स्वीकारली नाही. तिच्याऐवजी चांदीची भांडी घेतली. पैशासाठी खेळणारा अशी आपली गणना होऊ नये, हा त्यांचा आग्रह येथेच प्रथम स्पष्ट दिसतो. पुढे हाच आग्रह त्यांच्या आयुष्यभराच्या दुःखाचे एक कारण ठरला.

या अंतिम फेरीतील सहावा डाव विशेष प्रसिद्ध आहे. काळी मोहरी घेऊन खेळताना मॉर्फी यांनी बाराव्या खेळीला आपला वजीर पांढऱ्याच्या मुलुखात डी३ या घरावर नेऊन बसवला. वरवर पाहता ही खेळी धाडसाची वाटते. पण तिचा हेतू अगदी साधा होता. डी३ वर काळा वजीर असल्यामुळे डी२ वरचे पांढरे प्यादे हलू शकत नव्हते. प्यादे हलत नाही म्हणून सी१ वरचा उंट बाहेर पडत नाही आणि उंट अडला म्हणून त्यामागचा हत्तीही अडला. पॉलसन यांनी त्या वजिराला हुसकावण्यासाठी वजिराच्या बाजूची प्यादी पुढे टाकली, हत्ती ए२ वर आणला, स्वतःचा वजीर ए६ पर्यंत फिरवला. तेवढ्या अवधीत काळ्याचे दोन्ही हत्ती मोकळ्या ई पट्टीवर एकामागे एक उभे राहिले व दोन्ही उंट सज्ज झाले. सतराव्या खेळीला मॉर्फी यांनी एफ३ वरचा उंट वजिराने मारून वजिराचे बलिदान दिले. हत्ती व उंट यांच्या हल्ल्यापुढे पांढऱ्याचा राजा असहाय झाला आणि अठ्ठाविसाव्या खेळीनंतर पॉलसन यांनी डाव सोडला. पांढऱ्याचा सी१ वरचा उंट तेव्हाही आपल्या मूळ घरातच होता. हा डाव वजिराच्या बलिदानासाठी लक्षात ठेवला जातो. वास्तविक निकाल लागला तो त्या उंटाच्या कोंडीमुळे.

== युरोपचा दौरा ==

इंग्लंडमधील हॉवर्ड स्टॉन्टन हे मागील पिढीतील सर्वात प्रतिष्ठित खेळाडू. त्यांच्याशी सामना व्हावा या इच्छेने मॉर्फी जून १८५८ मध्ये इंग्लंडला पोहोचले. स्टॉन्टन त्या वेळी शेक्सपिअरच्या नाटकांच्या संपादनात गुंतलेले होते. त्यांनी प्रथम होकार दिला, नंतर तयारीसाठी अवधी मागितला, पुढे पुन्हा मुदत वाढवली आणि अखेर सामना झालाच नाही. यात दोष कोणाचा, यावर आजतागायत वाद चालू आहे. स्टॉन्टन यांचा खेळ तोवर उतरणीला लागला होता आणि हातातील काम खरोखरच मोठे होते, हे मान्य केले तरी त्यांनी सरळ नकार दिला असता तर मॉर्फी यांचा मनस्ताप टळला असता. मॉर्फी आणि बार्न्स यांच्याविरुद्ध स्टॉन्टन आणि ओवेन अशी जोडीने खेळलेल्या डावांत मात्र दोघे समोरासमोर बसले होते. हे दोन्ही डाव मॉर्फी यांच्या जोडीने जिंकले.

लंडनमध्ये मॉर्फी यांनी लोवेंथाल यांना नऊ विजय, तीन पराभव व दोन बरोबरी अशा फरकाने हरवले. या सामन्यात शंभर पौंड मिळाले. लोवेंथाल यांची परिस्थिती बेताची आहे हे जाणून मॉर्फी यांनी त्याहून अधिक किमतीचे घरसामान त्यांना भेट दिले. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम येथे त्यांनी पटाकडे न पाहता एकाच वेळी आठ जणांशी खेळून सहा डाव जिंकले, एक गमावला व एक बरोबरीत सोडवला.

तेथून ते पॅरिसला गेले. कॅफे द ला रेजन्स हे तेथील बुद्धिबळाचे जुने पीठ. तेथील व्यावसायिक खेळाडू डॅनियल हार्विट्झ यांनी पहिले दोन डाव जिंकले. त्यानंतर त्यांना एकही डाव जिंकता आला नाही व सामना मॉर्फी यांनी पाच विजय, दोन पराभव व एक बरोबरी असा जिंकला. सप्टेंबरमध्ये याच ठिकाणी मॉर्फी यांनी पुन्हा आठ पटांवर न पाहता खेळ केला. सुमारे दहा तास चाललेल्या या खेळात ते जागेवरून उठले नाहीत आणि एकही डाव हरले नाहीत.

१८५१ च्या लंडन स्पर्धेचे विजेते अडोल्फ अँडरसन हे जर्मनीत गणिताचे शिक्षक होते. नाताळच्या सुट्टीखेरीज त्यांना सवड नव्हती, म्हणून डिसेंबर १८५८ मध्ये ते स्वतः पॅरिसला आले. मॉर्फी नुकतेच आजारातून उठत होते, त्यामुळे सामना त्यांच्या हॉटेलमध्येच खेळला गेला. पहिला डाव अँडरसन यांनी जिंकला; परंतु अकरा डावांअखेर मॉर्फी यांचे सात विजय, दोन पराभव व दोन बरोबरी असा निकाल लागला. खुल्या डावात मॉर्फी यांच्याशी टिकाव लागत नाही हे ओळखून अँडरसन यांनी तीन डावांत ए३ ही चमत्कारिक पहिली खेळी केली. त्या तीन डावांत एक विजय, एक बरोबरी आणि एक पराभव असे माप पडले. म्हणजे ही युक्ती अगदीच निरुपयोगी ठरली असे म्हणता येत नाही.

== ऑपेरागृहातील डाव ==

पॅरिसमधील वास्तव्यात मॉर्फी यांना ब्रन्सविकच्या ड्यूकने आपल्या ऑपेरागृहातील खासगी कक्षात निमंत्रित केले. मॉर्फी यांना संगीताची मनापासून आवड होती. परंतु यजमानांना ऑपेरापेक्षा बुद्धिबळात अधिक रस होता. ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघे सल्लामसलत करून एका बाजूने व मॉर्फी दुसऱ्या बाजूने असा डाव मांडला गेला. जगात सर्वाधिक वेळा छापला गेलेला डाव बहुधा हाच असावा. मोहऱ्यांच्या विकासाचे तत्त्व त्यात इतके उघड दिसते की तो खेळीगणिक पाहणे योग्य ठरेल.

पांढरी मोहरी मॉर्फी यांची होती. दोन्ही बाजूंनी राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. मॉर्फी यांनी घोडा एफ३ वर आणला. काळ्याने आपल्या मधल्या प्याद्याला डी६ वरून आधार दिला. हा फिलिडोर बचाव होय. तिसऱ्या खेळीला पांढऱ्याने डी४ खेळून मध्यभाग खुला करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा काळ्याने उंट जी४ वर नेऊन घोडा जखडला. येथून अडचण सुरू झाली. पांढऱ्याने ई५ वरचे प्यादे मारल्यावर काळ्याला प्यादे वाचवण्यासाठी आधी उंटाने घोडा मारणे भाग पडले. त्या मारामारीत काळ्याने आपला एकमेव विकसित मोहरा गमावला. उलट पांढऱ्याचा वजीर एकही खेळी वाया न घालवता एफ३ वर आला.

सहाव्या खेळीला पांढरा उंट सी४ वर आला आणि एफ७ वर मात होण्याची धमकी निर्माण झाली. काळ्याने घोडा एफ६ वर आणला. मग पांढरा वजीर बी३ वर गेला व एफ७ आणि बी७ या दोन घरांवर एकदम हल्ला झाला. एफ७ राखण्यासाठी काळ्याने वजीर ई७ वर ठेवला. त्यामुळे त्याच्याच एफ८ वरच्या उंटाची वाट बंद झाली. येथे मॉर्फी यांना बी७ वरचे प्यादे फुकट मिळत होते. ते घेतले असते तर काळ्याने वजिराने बी४ वरून शह देऊन वजिरांची अदलाबदल केली असती. प्यादे पदरात पडले असते, पण हल्ला संपला असता. मॉर्फी यांनी प्यादे सोडून दिले आणि दुसरा घोडा सी३ वर आणला. या डावातील सर्वात शिकण्याजोगी खेळी हीच आहे. पुढील बलिदानांच्या चमकदमकीत ती अनेकदा वाचकांच्या नजरेतून सुटते.

नवव्या खेळीला दुसरा उंट जी५ वर येऊन काळा घोडा जखडला गेला. काळ्याने बी५ प्यादे पुढे टाकून उंटाला हटवू पाहिले. मॉर्फी यांनी माघार न घेता घोड्याचे बलिदान दिले व उंटाने शह दिला. बाराव्या खेळीला त्यांनी वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. राजा सुरक्षित झाला आणि त्याच खेळीत हत्ती खुल्या डी पट्टीवर आला. तो हत्ती डी७ वर बळी दिल्यावर लगेच दुसरा हत्ती त्याच्या जागी डी१ वर उभा राहिला. चौदाव्या खेळीअखेर पांढऱ्याचा एकही मोहरा रिकामा राहिला नव्हता. काळ्याचा एफ८ वरचा उंट आणि एच८ वरचा हत्ती मात्र जागेवरून हललेही नव्हते. सोळाव्या खेळीला वजिराचे बलिदान आणि सतराव्याला हत्तीने डी८ वर मात. शेवटी पांढऱ्याजवळ एक हत्ती व एक उंट एवढेच उरले होते, आणि ते दोन्ही मातेच्या कामी आले.

प्रतिस्पर्धी साधारण कुवतीचे हौशी खेळाडू होते, ही गोष्ट खरी. त्यामुळे या डावाचे मोल स्पर्धेतील डावाइतके मानता येत नाही. शिकवण्याच्या दृष्टीने मात्र हीच सोय आहे, कारण चुका आणि त्यांची शिक्षा दोन्ही नवशिक्यालाही दिसतात.

== खेळाची पद्धत ==

मॉर्फी यांच्या काळातील नावाजलेले खेळाडू हल्ल्याचे भोक्ते होते. दोन-तीन मोहरे बाहेर काढून वजिरासह राजावर तुटून पडावे, ही सर्वसाधारण रीत. मॉर्फीही हल्लाच करीत. परंतु सैन्य जमल्याखेरीज चढाई करीत नसत. मधली प्यादी पुढे टाकून उंट व घोडे त्वरित बाहेर काढणे, लवकर किल्लेकोट करणे, हत्तींना खुल्या पट्ट्या मिळवून देणे आणि विकासात आघाडी मिळताच मध्यभाग उघडणे, असा त्यांचा क्रम असे. त्यांना प्रिय असलेल्या इव्हान्स गँबिटमागे हाच हिशेब आहे. चौथ्या खेळीला बी४ चे प्यादे काळ्या उंटापुढे टाकले जाते. उंटाने ते घेतले की सी३ खेळून उंटाला पुन्हा हलवावे लागते व पांढऱ्याला डी४ साठी वेळ मिळतो. एका प्याद्याची किंमत देऊन विकत घेतलेला वेळ, असे त्याचे स्वरूप सांगता येईल.

मॉर्फी यांनी कोणताही सिद्धान्तग्रंथ लिहिला नाही. न्यूयॉर्क लेजर या पत्रातील सदरात त्यांनी डावांवर टिपा लिहिल्या, परंतु तेथेही नियम सांगण्याची हौस दिसत नाही. त्यांच्या खेळातून नियम काढले ते इतरांनी. विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी १८८५ मध्ये आपल्या मासिकात मॉर्फी यांच्या डावांची चिकित्सा केली. रिचर्ड रेटी यांनी १९२२ मधील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, खुल्या स्थितीत विकासालाच सर्वाधिक महत्त्व आहे हे मॉर्फी यांनी जाणले होते. बंद स्थितीत मात्र हे तत्त्व तितके निर्णायक ठरत नाही, आणि ते क्षेत्र स्टाइनिट्झ यांनी उलगडले. ही मर्यादा ध्यानात न घेता मॉर्फी यांचे अनुकरण करणाऱ्यांची फसगत होते.

एकच मोहरा आरंभी दोनदा हलवू नये, हा नियमही त्यांच्या नावावर सांगितला जातो. अँडरसन यांच्याविरुद्धच्या नवव्या डावात खुद्द मॉर्फी यांनी पहिल्या दहा खेळ्यांत एकच घोडा चार वेळा व एक उंट दोन वेळा हलवला, आणि तो डाव सतरा खेळ्यांत जिंकला. कारण समोरच्याच्या पहिल्या नऊ खेळ्यांपैकी आठ प्याद्यांच्या होत्या; पटावर त्याचा एकच घोडा बाहेर होता. विकास हा नेहमी प्रतिस्पर्ध्याच्या विकासाशी ताडून पाहायचा असतो, हे या डावावरून जेवढे कळते तेवढे नियम पाठ करून कळत नाही.

== बुद्धिबळसंन्यास ==

मे १८५९ मध्ये मॉर्फी मायदेशी परतले. न्यूयॉर्क विद्यापीठात झालेल्या समारंभात त्यांना सोन्या-चांदीच्या मोहऱ्यांचा संच भेट देण्यात आला. बॉस्टन येथील भोजनास लाँगफेलो व ऑलिव्हर वेंडेल होम्स हे साहित्यिक उपस्थित होते. इतका सन्मान तोवर कोणा अमेरिकन खेळाडूच्या वाट्याला आला नव्हता. मॉर्फी यांनी मात्र आपल्या भाषणात बुद्धिबळ हे केवळ करमणुकीचे साधन असावे, जीवनातील गंभीर कर्तव्यांच्या आड ते येऊ नये, असेच मत मांडले. यापुढे आपण एक प्यादे व पहिली खेळी यांची सवलत दिल्याखेरीज कोणाशी सामना खेळणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. ते आव्हान कोणी स्वीकारले नाही.

वकिलीत जम बसण्यापूर्वीच १८६१ मध्ये अमेरिकन यादवी युद्ध पेटले. १८६२ मध्ये ते हवानामार्गे पॅरिसला गेले व १८६४ मध्ये परतले. युद्धानंतर त्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये वकिलीचा पुन्हा प्रयत्न केला. पण कार्यालयात येणाऱ्यांना कज्जापेक्षा बुद्धिबळाची चर्चा हवी असे. ज्या कीर्तीला ते गौण मानत होते, तिनेच त्यांची व्यवसायातील वाट अडवली. बुद्धिबळाचे सार्वजनिक सामने ते पुन्हा कधीच खेळले नाहीत आणि पुढे तर या खेळाचा विषय काढलेलाही त्यांना खपेनासा झाला.

== अखेरची वर्षे ==

१८७५ च्या सुमारास त्यांच्या मनाचा तोल ढळू लागल्याची चिन्हे दिसू लागली. आपल्याविरुद्ध कट चालू आहे, वडिलांच्या मालमत्तेत मेहुण्याने आपल्याला फसवले आहे, अशा समजुतींनी त्यांना ग्रासले. घरच्यांनी त्यांना एका धर्मसंस्थेच्या आरोग्यगृहात नेले; तेथे त्यांनी आपली बाजू इतक्या सुसंगतपणे व कायदेशीर भाषेत मांडली की त्यांना ठेवून घेता आले नाही. त्यानंतर ते आई व बहीण यांच्यासह घरीच राहिले. नीटनेटका पोशाख करून ते रोज शहरात ठरावीक फेरफटका मारीत. १८८३ मध्ये स्टाइनिट्झ न्यू ऑर्लिन्सला आले असता दोघांची थोडा वेळ भेट झाली, परंतु बुद्धिबळावर बोलणे झाले नाही.

या आजारपणावर पुढील काळात बरेच लिहिले गेले. मानसोपचारतज्ज्ञ अर्नेस्ट जोन्स यांनी १९३१ मध्ये वडिलांविषयीच्या सुप्त भावनांशी त्याचा संबंध जोडला. मृत्यूच्या वेळी त्यांच्याभोवती स्त्रियांचे जोडे मांडलेले होते, ही दंतकथाही पुष्कळ पसरली. त्यांच्या पुतणीने १९२६ मधील पुस्तिकेत लिहिले आहे ते एवढेच की, हवा तो जोड चटकन हाती यावा म्हणून ते स्वतःचे जोडे खोलीत अर्धवर्तुळाकार मांडून ठेवीत. बुद्धिबळामुळे वेड लागते, असे सिद्ध करण्यासाठी मॉर्फी यांचे नाव घेण्याची प्रथा आहे. त्यांचा आजार बळावला तेव्हा त्यांनी हा खेळ सोडून कित्येक वर्षे लोटली होती, याकडे असे लिहिणारे लक्ष देत नाहीत.

१० जुलै १८८४ रोजी दुपारच्या कडक उन्हातून फिरून आल्यावर ते थंड पाण्याने स्नान करण्यास गेले आणि तेथेच मेंदूतील आघाताने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ४७ वर्षांचे होते. सेंट लुई दफनभूमी क्रमांक १ येथे त्यांचे दफन झाले. पावणेदोन वर्षांनंतर, मार्च १८८६ मध्ये, स्टाइनिट्झ व झुकरटोर्ट यांच्यातील पहिल्या अधिकृत विश्वविजेतेपदाच्या सामन्याचा शेवटचा टप्पा न्यू ऑर्लिन्समध्येच खेळला गेला.

मॉर्फी यांचा जन्म झाला ते चार्ट्रेस रस्त्यावरील घर ब्युरिगार्ड-कीज हाउस या नावाने जतन करण्यात आले आहे. रॉयल रस्त्यावरील ज्या घरात त्यांचे आयुष्य गेले व अंत झाला, तेथे आता ब्रेनन्स हे उपाहारगृह आहे.